पूल टेबल : आधी खोली मोजा, मग टेबल निवडा

भिलाई (छत्तीसगड) : स्मृतीनगरसारख्या निवासी वसाहतीतील घरात पूल टेबल आणायचे ठरल्यास आगाऊ रक्कम देण्यापूर्वी मोजपट्टी हाती घ्यावी. टेबल खोलीत मावले म्हणजे झाले, असे नसते. क्यू, म्हणजे खेळण्याची काठी, फिरवण्यासही जागा लागते.

खेळाच्या पृष्ठभागाच्या लांबीत व रुंदीत क्यूची लांबी दोनदा मिळवावी. नेहमीची क्यू ५८ इंचांची असते. ७ फुटी टेबलाचा पृष्ठभाग सुमारे ७८ बाय ३९ इंच भरतो. म्हणजे खोली किमान १६ फूट २ इंच बाय १२ फूट ११ इंच हवी. ८ फुटी टेबलासाठी ती १७ फूट बाय १३ फूट ४ इंच लागते. फटक्यासाठी काठी मागे खेचताना लागणारे काही इंच यात धरलेले नाहीत.

आता १५ बाय १२ फुटांचा दिवाणखाना घ्या. ७ फुटी टेबल अगदी मध्यभागी ठेवले तरी लांबीच्या दोन्ही टोकांना ५१ इंच आणि रुंदीच्या बाजूंना साडेबावन्न इंच उरतात. काठी भिंतीवर आदळणारच. ४८ इंची आखूड क्यूने वेळ निभावते, पण खेळाची गंमत जाते. त्यापेक्षा ६ फुटी टेबल बरे. कपाट वा सोफा असेल, तर माप भिंतीपासून नव्हे, त्याच्यापासून घ्यावे.

स्नूकरचा उगम १८७५ मध्ये जबलपूरच्या लष्करी मेसमध्ये झाल्याचे मानले जाते. त्याचे पूर्ण आकाराचे टेबल १२ फुटी असते. घरासाठी त्याचा विचार न केलेलाच बरा.

दगडी पाटीच्या टेबलाचे वजन शेकडो किलो असते. वरच्या मजल्यावर ते नेण्यापूर्वी बांधकाम अभियंत्याचा सल्ला घ्यावा आणि जिन्याचे वळणही मोजावे.