पाळी जायच्या वयात भूक मंदावली, वजन बदललं? ‘वयच आहे’ म्हणून सोडून देऊ नका



या पानावर आपण बहुतेक वेळा जाळी, मत्स्यबीज, भाव आणि अनुदान यांचंच बोलतो. आजचा विषय वेगळा आहे, पण आपल्याच घरातला आहे. चाळिशी ओलांडलेल्या बायकांची भूक आणि वजन. पुरुष मंडळींनीही शेवटपर्यंत वाचावं ही विनंती. आपल्या काट्यावर रोहू-कटल्याची टोपली अर्धा किलो कमी भरली तर लगेच वाद होतो. घरातल्या बाईचं वजन तीन किलोने उतरलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

ही वेळ म्हणजे नेमकं काय?

सलग 12 महिने पाळी आली नाही, की पाळी गेली असं डॉक्टर मानतात. आपल्या देशात हे साधारण 46-47 व्या वर्षी होतं. पाश्चात्त्य देशांत ते 51 च्या आसपास होतं. पण शरीरातला बदल त्याच्या काही वर्षं आधीच सुरू होतो. या आधीच्या काळाला डॉक्टर पेरिमेनोपॉज म्हणतात. आपल्याकडे ‘पाळी जायची वेळ आली’ असं म्हणतात. तो कुणाला दोन वर्षं चालतो, कुणाला सात-आठ.

या काळात इस्ट्रोजेन नावाचं स्त्री-संप्रेरक सरळ उतरत जात नाही, कधी एकदम चढतं, कधी एकदम पडतं. म्हणून पाळी मागेपुढे होते, अंगातून वाफा निघतात, रात्री घाम येतो, झोप मोडते, चिडचिड होते. हा काही आजार नाही. पण याच वयात खरे आजारही येतात आणि त्यांची काही लक्षणं अगदी अशीच असतात. घोळ इथेच होतो.

वजन का वाढतं?

अमेरिकेत 1996 पासून 3,000 हून जास्त बायकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून एक मोठा अभ्यास झाला. त्यात दिसलं की पाळी जाण्याच्या काळात काट्यावरचं वजन एकदम उडी मारत नाही, वयाबरोबर हळूहळू चढतं. आत मात्र अदलाबदल होते. चरबी वाढण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो आणि मांस, म्हणजे स्नायू, कमी होऊ लागतात. शेवटची पाळी येऊन गेल्यावर साधारण दोन वर्षांपर्यंत हे चालतं. शिवाय आधी मांड्या-कंबरेवर बसणारी चरबी आता पोटावर बसू लागते.

म्हणजे वजन तेवढंच असूनही ब्लाउज घट्ट होतो. आपल्याकडच्या बायकांसाठी पोटाचा घेर 80 सेंटिमीटरच्या वर गेला, तर साखर आणि रक्तदाबाकडे लक्ष द्यायची वेळ आली असं समजा.

या वेळी बऱ्याच जणी घाबरून एक वेळचं जेवण सोडतात किंवा उपवास वाढवतात. त्याने चरबीबरोबर स्नायूही जातात, अंगातली ताकद जाते, आणि जेवण पूर्ववत सुरू केलं की चरबी परत येते. वजन कमी करायच्या पुड्या आणि काढे विकणाऱ्यांपासून लांबच राहा. पाळीच्या त्रासासाठी हार्मोनच्या गोळ्या असतात, पण त्या वजन उतरवायच्या नाहीत आणि डॉक्टरांशिवाय घ्यायच्याही नाहीत.

मग भूक का जाते?

खरं तर इस्ट्रोजेन भूक थोडी आवरून धरतं. ते कमी झालं की पुष्कळ जणींना भूक जास्त लागते, गोड खावंसं वाटतं. त्यामुळे भूक मेली असेल, तर ‘पाळी जायची वेळ आहे, चालायचंच’ हे उत्तर पुरेसं नाही. कारण शोधायला हवं. नेहमी सापडणारी कारणं अशी:

▪️ झोप आणि मन. रात्री घामाने तीनदा उठणारी बाई सकाळी जेवणाकडे बघतही नाही. काळजी, उदासी यांनीही अन्नावरची वासना जाते. दोन आठवड्यांहून जास्त मन लागत नसेल तर 14416 या सरकारी टेली-मानस नंबरवर फुकट बोलता येतं.

▪️ रक्त कमी होणं. या वयात पाळी कधी भरमसाट जाते. रक्त घटतं, दम लागतो, भूक जाते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं.

▪️ थायरॉइड. ही गाठ मंद चालली तर भूक कमी आणि तरीही वजन जास्त, अंगात सुस्ती. जोरात चालली तर छातीत धडधड, घाम, हात थरथरणं आणि वजनात घट. दोन्ही गोष्टी पाळी जाण्याच्या त्रासासारख्याच वाटतात. एका रक्ताच्या तपासणीत फरक कळतो.

▪️ टीबी. रात्रीचा घाम पाळीच्या बदलातही येतो आणि टीबीतही. घामाबरोबर संध्याकाळचा बारीक ताप, दोन आठवड्यांहून जास्त खोकला आणि उतरणारं वजन असेल, तर तो पाळीचा घाम समजून बसू नका.

▪️ चहा, मिश्री, तंबाखू. पहाटे बाजारात जायचं म्हणून रिकाम्या पोटी दोन-तीन चहा, वर मिश्री. तंबाखूने भूक मरते हे आपण सगळे जाणतोच. मग दुपारपर्यंत काही खाल्लं नाही तरी कळत नाही.

या गोष्टी दिसल्या तर थांबू नका

1. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन 5 टक्के उतरलं. 60 किलोची बाई 57 वर आली, तर हीच ती खूण.
2. दर तास-दोन तासांनी पॅड किंवा कापड बदलावं लागतं, मोठ्या गाठी पडतात, किंवा पाळी सात दिवसांहून जास्त चालते.
3. वर्षभर पाळी बंद राहून पुन्हा रक्त दिसलं. थेंबभर असलं तरी दाखवा.
4. दोन घासांत पोट भरतं, पोट फुगलेलं राहतं आणि हे दोन-तीन आठवडे रोजचंच झालंय.
5. गिळताना अडकतं, शौचाला काळं होतं, किंवा डोळे पिवळे दिसतात.
6. खूप तहान, सारखी लघवी आणि वजनात घट. ही साखरेची लक्षणं आहेत.

यातलं काही दिसलं म्हणजे मोठाच आजार आहे असं नाही. बहुतेकदा कारण साधं निघतं. पण साधं आहे हे तपासल्यावरच कळतं.

कुठे जायचं, काय सांगायचं?

गावातल्या आशाताईंना सांगा, त्या वाट दाखवतील. सरकारी आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या सगळ्यांची रक्तदाब आणि साखरेची, तसंच तोंड, स्तन आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरची प्राथमिक तपासणी मोफत होते. डॉक्टरांना विचारून रक्त (हिमोग्लोबिन) आणि थायरॉइडही बघून घ्या. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. टीबीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत, आणि उपचार चालू असताना पोषणासाठी महिन्याला 1,000 रुपये सरकार देतं. पुढची तपासणी लागली तर इंदूरला बायकांसाठी महाराजा तुकोजीराव हॉस्पिटल (एमटीएच) आहे, आणि एम. वाय. आहेच.

जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्या: शेवटची पाळी कधी आली, सहा महिन्यांपूर्वी वजन किती होतं, आणि भूक कधीपासून कमी आहे. दवाखान्यात लाजेने अर्धं सांगायचं राहून जातं, कागद असला की राहत नाही.

आपल्याकडे 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. जाळी दुरुस्तीची हीच वेळ, तपासणीचीही हीच धरा. मात्र वरच्या यादीतली खूण दिसली तर बंदीची वाट बघू नका.

घरात काय करता येईल?

🐟 मासा विकणाऱ्या घरात बाईच्या ताटात मासा उरत नाही, ही आपली जुनी रीत. 55 किलोच्या बाईला दिवसाला साधारण 45 ग्रॅम प्रथिनं लागतात. 100 ग्रॅम मासळीतून त्यातली 17 ते 20 ग्रॅम मिळतात. काट्यासकट खाता येणारी बारीक मासळी हाडांसाठी फार चांगली. मासा नसेल त्या दिवशी डाळ, अंडी, दूध, किंवा आपल्या माळव्याचं सोयाबीन.

🐟 भूक नसेल तर मोठं ताट समोर ठेवू नका. थोडं थोडं, चार-पाच वेळा. सकाळी चहाआधी काहीतरी पोटात, वाटीभर पोहे चालतील.

🐟 लोहाची गोळी चहाबरोबर नको. ताटात लिंबू पिळा, माशाबरोबर पालेभाजी घ्या. लोह अंगी जास्त लागतं.

🐟 टोपल्या उचलतो म्हणजे व्यायाम झाला, असं धरू नका. दिवसभर बसून मासा कापणं-विकणंही त्यात आहे. आठवड्यात 150 मिनिटं झपझप चालणं, आणि दोन दिवस उठाबशांसारखे ताकदीचे व्यायाम. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं.

🐟 महिन्याच्या पहिल्या तारखेला वजन करून कॅलेंडरवर लिहा. अंगणवाडीत काटा असतो.

दिवाळीच्या पाडव्याला हिंगोट बघायला आपल्याकडे पाहुणे येतात, घर भरतं, आणि रांधणारी सगळ्यात शेवटी जेवते. ती काय जेवली, किती जेवली, हे कुणी बघतच नाही. रोजही तसंच होतं. म्हणून होडीमालक आणि सभासद बंधूंना एवढंच सांगणं आहे, की दिवसातून एक वेळ तरी घरातली सगळी एकत्र जेवायला बसा. तिचं ताट समोर असलं, की तिची भूक कमी झालीय हे पहिल्यांदा तुम्हालाच दिसेल.

आणि ताई, वहिनी, काकू, तुम्हाला एक सांगतो. ‘मला काय झालंय’ म्हणून पुढे ढकलू नका. ज्या गावाचं नावच गौतमाबाई होळकरांवरून पडलं, तिथल्या बायकांनी स्वतःसाठी एक दिवस दवाखान्याला काढला तर कुणी नाव ठेवणार नाही.

हा मजकूर ज्या घरात चाळिशीपुढची बाई आहे, त्या प्रत्येक घरी पोहोचवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. 🙏