कुमारवयीनांची दिनचर्या व मानसिक आरोग्य

कुमारवयातील मुलामुलींच्या नित्याच्या क्रिया (झोप, शाळा, अभ्यास, खेळ, घरकाम, समवयस्कांचा सहवास इ.) आणि त्यांचे मानसिक आरोग्य यांच्यात अन्योन्यसंबंध असतो. दिनचर्येचा मनःस्थितीवर परिणाम होतो, तसेच मनःस्थिती बिघडली की दिनचर्याही विस्कळीत होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार कुमारावस्था म्हणजे १० ते १९ वर्षांचा काळ होय. जी. स्टॅन्ली हॉल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या द्विखंडात्मक ग्रंथात या अवस्थेचे वर्णन वादळी व ताणतणावांचा काळ असे केले. त्यानंतर दीर्घकाळ अभ्यासकांचे लक्ष आंतरिक संघर्षांवर केंद्रित झाले आणि ही मुले दिवस कसा घालवितात, हा साधा प्रश्न काहीसा मागे पडला.

दिवसाच्या शेवटी आठवून दिलेली उत्तरे फारशी विश्वसनीय नसतात. ही अडचण दूर करण्यासाठी मिहाय चिक्सेंटमिहाय व रीड लार्सन यांनी शिकागो परिसरातील ७५ विद्यार्थ्यांना आठवडाभर पेजर बाळगावयास दिले. दिवसातून अनेकदा, अनियमित अंतराने संकेत मिळताच आपण त्या क्षणी काय करीत आहोत, कोणाबरोबर आहोत व कसे वाटते आहे, याची नोंद विद्यार्थ्यांनी करावयाची होती. या अध्ययनाचे निष्कर्ष १९८४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. कुमारांच्या मनःस्थितीत मोठे चढउतार होतात, परंतु ते अल्पकाळ टिकतात. शिवाय ज्यांच्यात असे चढउतार अधिक दिसले, ती मुले इतरांपेक्षा कमी समायोजित नव्हती. मित्रांच्या सहवासात ती सर्वाधिक आनंदी आढळली. एकटे असताना त्यांना उदास वाटे. मात्र थोड्या एकांतानंतर त्यांची मनःस्थिती सुधारलेली दिसली. खोलीचे दार लावून बसलेल्या मुलाविषयी पालकांना वाटणारी धास्ती त्यामुळे दरवेळी साधार असतेच असे नाही.

हीच पद्धती सुमन वर्मा, लार्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी चंडीगढ येथील मध्यमवर्गीय कुटुंबांतील आठवीच्या १०० विद्यार्थ्यांसाठी वापरली (२००२). जागेपणाचा सुमारे एक-तृतीयांश वेळ शालेय कामात जात असून त्या वेळी मुले अप्रसन्न व निरुत्साही असत, असे आढळले. गृहपाठात अधिक वेळ घालविणाऱ्यांची सरासरी मनःस्थिती निकृष्ट होती व त्यांच्यात आतल्या आत कुढण्याच्या समस्या अधिक होत्या. फुरसतीचा वेळ अधिक असलेली मुले प्रसन्न होती. पण अभ्यासाविषयीची चिंता त्यांच्यातही अधिक होती आणि त्यांचे शैक्षणिक यश कमी होते. याचा अर्थ असा, की भारतीय मध्यमवर्गीय मुलास विश्रांती मिळाली, तरी ती निश्चिंतपणे मिळत नाही.

दिनचर्येतील सर्वांत दुर्लक्षित घटक झोप हा होय. यौवनारंभाबरोबर शरीरातील जैविक घड्याळ पुढे सरकते. निद्रेची सूचना देणारे मेलॅटोनीन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते आणि जागेपणी साचत जाणारा निद्रेचा दाबही अधिक मंदगतीने वाढतो. मेरी कार्सकेडन यांनी १९७० च्या दशकापासून केलेल्या संशोधनातून असे दिसले, की वय वाढले तरी झोपेची गरज अपेक्षेप्रमाणे घटत नाही. केवळ तिची वेळ बदलते. १३ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप आवश्यक असते. तेव्हा रात्री अकरापर्यंत झोप न येणारा व पहाटे उठविल्यास चिडणारा मुलगा आळशी ठरविणे अन्यायाचे आहे. रात्री डोळ्यांसमोर धरलेल्या भ्रमणध्वनीचा प्रकाश व त्यावरील गुंतवून ठेवणारा मजकूर ही वेळ आणखी लांबवितात. सततच्या अपुऱ्या झोपेचा चिडचिड, एकाग्रतेचा अभाव, चिंता व अवसाद यांच्याशी संबंध आढळतो.

अमेरिकन बालरोगतज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये माध्यमिक शाळा सकाळी साडेआठपूर्वी भरवू नयेत अशी शिफारस केली. सिअ‍ॅटल शहरात २०१६ मध्ये शाळेची वेळ ७.५० वरून ८.४५ करण्यात आली, तेव्हा विद्यार्थ्यांची झोप सुमारे ३४ मिनिटांनी वाढल्याचे दिसून आले. म्हणजे मिळालेला वेळ जागरणात वाया गेला नाही. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊनंतर भरविण्याविषयी आदेश काढला. ज्या वयात उशिरा झोप येणे ही शरीराचीच प्रवृत्ती असते, ते माध्यमिक वर्ग मात्र त्यातून वगळलेले होते. दोन सत्रांत चालणाऱ्या अनेक शाळांत याच वर्गांना सकाळचे सत्र येते.

शारीरिक हालचालींविषयी ५ ते १७ वर्षे वयोगटासाठी दररोज सरासरी किमान ६० मिनिटे हे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहे. प्रत्यक्षात दहावीचे वर्ष सुरू होताच बहुतेक घरांत प्रथम खेळ बंद होतो, मग गाण्याचा वा चित्रकलेचा वर्ग, मग नातलगांकडे जाणे. ज्यांतून मुलास आनंद, कौशल्याचा प्रत्यय व सोबत मिळते, त्याच गोष्टी ताण सर्वाधिक असताना काढून घेतल्या जातात. मुलींच्या बाबतीत खेळ पुष्कळदा त्यापूर्वीच, पाळी सुरू झाल्यावर सुटतो आणि घरकाम वाढते. घरकाम स्वतः अपायकारक नाही. भाजी आणणे वा धाकट्या भावंडास शिकविणे यांतून आपला घरास उपयोग आहे ही जाणीव निर्माण होते. ते एकट्या मुलीवरच लादले गेले, की ओझे होते.

अवसादात व्यक्ती आवडीच्या क्रिया सोडते, त्यामुळे समाधानाचे प्रसंग घटतात व खिन्नता आणखी वाढते. हे चक्र उलट दिशेने फिरविण्यासाठी लहानलहान क्रिया ठरवून पुन्हा सुरू करावयाच्या, या तत्त्वावर वर्तनाधिष्ठित उपचारपद्धती आधारलेली आहे. निदानाच्या दृष्टीनेही दिनचर्या उपयुक्त ठरते. मूल आपले दुःख शब्दांत सांगेलच असे नाही. परंतु जेवणावरची वासना उडणे, मित्रांना टाळणे, आंघोळीचाही कंटाळा, मैदानाकडे न फिरकणे असे बदल दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकल्यास ते गंभीरपणे घ्यावे लागतात. अशा वेळी केवळ वेळापत्रक सुधारून भागत नाही. स्वतःस इजा करण्याचे विचार बोलून दाखविले गेल्यास मानसोपचारतज्ञांकडे विनाविलंब नेणे आवश्यक असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मुलांना व पालकांना दूरध्वनीवरून विनामूल्य सल्ला मिळू शकतो.