पामतेल गोठतं, म्हणून त्यात मेण असतं असं नाही

थंडी पडली की जुन्नर-आंबेगावात पामतेलाची पिशवी पांढुरकी होते, तळाशी दाणेदार साका बसतो आणि ‘यात मेण मिसळलंय’ ही शंका दरवर्षी निघते. पण एवढ्यावरून भेसळ ठरत नाही. पामतेलात सुमारे 44 टक्के पामिटिक आम्ल असतं आणि हे संपृक्त मेदाम्ल गारव्यात गोठतं. 2022च्या दिवाळीत रेशनवर मिळालेल्या ‘आनंदाचा शिधा’मध्ये रवा, चणाडाळ, साखरेसोबत लिटरभर पामतेल आलं. घरात येतं ते बहुधा पामोलीन, म्हणजे घट्ट भाग गाळून उरलेलं पातळ तेल. तेही पुरेशा गारव्यात गोठतं, उबेला ठेवलं की पुन्हा वितळतं.

आपल्याकडच्या ताडाशी किंवा शिंदीशी त्याचा संबंध नाही. मूळच्या पश्चिम आफ्रिकेतल्या ऑइल पामच्या फळाच्या गरातून ते निघतं. कच्चं तेल कॅरोटीनमुळे लालभडक असतं, पण रिफाइन करताना तो रंग आणि त्यातलं अ जीवनसत्त्वाचं भांडवल जवळजवळ सगळं जातं.

‘कोलेस्टेरॉलमुक्त’ या शब्दावर मात्र विसंबू नका. वनस्पतीच्या कोणत्याही तेलात कोलेस्टेरॉल नगण्यच असतं. प्रश्न संपृक्त मेदाचा आहे, कारण तो रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतो. दिवसाला 2000 कॅलरी खाणाऱ्याने असा मेद 22 ग्रॅमच्या आत ठेवावा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीतून निघतं. 40 ग्रॅम पामोलीनमध्येच तो सुमारे 18 ग्रॅम असतो, तेवढ्याच शेंगदाणा तेलात सात-आठ. दूध, तूप, बिस्किटं यांतला वेगळाच. म्हणून पामतेल विष नाही, पण घरात फक्त तेच वापरणं मला योग्य वाटत नाही.

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेकडच्या आदिवासी गावांत वरकस जमिनीवर खुरासणी पिकते. तिच्या तेलात संपृक्त मेद पामोलीनच्या निम्म्याहून कमी असतो आणि लिनोलिक आम्ल भरपूर. हे घरचं तेल मागे पडू नये, असं मनापासून वाटतं. मात्र याच लिनोलिकमुळे ते लवकर खवट होतं. थोडं थोडं घाण्यावर काढून भाजी-चटणीला वापरावं.

तळणीत पामतेल जास्त टिकतं हे खरं, पण ते कितीही वेळा तापवलं तरी चालतं, हा समज घातक आहे. तळताना तेलात ध्रुवीय संयुगं साचत जातात. ती 25 टक्क्यांवर गेली, की ते तेल खाण्यासाठी वापरण्यास जुलै 2018पासून देशात मनाई आहे. हा नियम शेंगदाणा तेलालाही तसाच लागू आहे.