फिरंग : पाते परदेशी, मूठ देशी

फिरंग म्हणजे युरोपात घडलेले पाते आणि दख्खनी बनावटीची मूठ यांची तलवार. पोर्तुगीजांनी पश्चिम किनाऱ्यावर बस्तान बसवल्यानंतर जर्मनी, इटली आणि स्पेनमधील पाती येथे येऊ लागली. ‘फिरंगी’ लोकांकडून आलेली म्हणून तिला फिरंग म्हणू लागले. पाते लांब, सहसा सरळ किंवा किंचित बाकदार, एकधारी अथवा दुधारी असते. घोड्यावरून वार करणाऱ्या मराठा स्वाराला ही लांबी सोयीची होती.

मूठ इथल्या कारागिराची. हात झाकणारी रुंद परज, तिच्या आत बोटांना लागू नये म्हणून कापडी गादी आणि मुठीच्या टोकाला पुढे आलेला लोखंडी दांडा ही तिची ओळख. जोराचा घाव घालताना दुसरा हात या दांड्यावर येई. पात्याचे शेपूट मुठीच्या पोकळीत लाख किंवा राळ वितळवून बसवीत. त्यामुळे मूठ मोडली तरी पाते नव्या मुठीत जाई. एका पात्याला दोन-तीन पिढ्यांच्या मुठी लाभणे नवलाचे नव्हते.

संग्राहकाची खरी परीक्षा इथे सुरू होते. पात्यावर धावत्या लांडग्याची खूण दिसली की ते जर्मनीतील पासाऊ किंवा झोलिंगेनचे, आणि दातेरी अर्धचंद्राच्या जोड्या दिसल्या की ते जिनोआचे, असे म्हटले जाते. पण या खुणांना इतका मान होता की इतर ठिकाणचे, भारतातलेही, लोहार त्या खुणा आपल्या पात्यांवर ठोकीत. म्हणून केवळ छाप पाहून पात्याचे गाव ठरवता येत नाही. मुठीचा घाट, पात्याची झीज, जोडातील लाख आणि गंजाचा पोत एकत्र पाहावा लागतो. आम्ल लावून आणलेला गंज सगळीकडे सारखा दिसतो. काळाने चढलेला गंज खोबणीत दाट आणि हात लागणाऱ्या जागी विरळ असतो.

सर्वांत मोलाचा पुरावा म्हणजे लेख. नागपूरकर भोसल्यांच्या राज्याचे संस्थापक पहिले रघुजी यांची म्हणून ओळखली जाणारी फिरंग महाराष्ट्र शासनाने २०२५ साली लंडनच्या लिलावातून मिळवली. तिच्या युरोपीय पात्यावर ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’ असा देवनागरी सुवर्णलेख आहे. नाव, पद आणि शस्त्राचा प्रकार तिन्ही पात्यावरच असल्याने ओळख शस्त्रापासून सुटत नाही. २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून साताऱ्याला उसनी आलेली वाघनखे याच्या उलट आहेत. ती शिवाजी महाराजांची, हे त्यांच्या डब्यावर लिहिले आहे. डब्यावरील मजकुराची खातरजमा करता आलेली नाही, असे ते संग्रहालयच सांगते.

जपणुकीत अतिउत्साह घातक ठरतो. पॉलिश कागद, आम्ल किंवा फिरते चाक वापरल्यास छाप, सोन्याचे काम आणि लेख पुसले जातात. चामड्याच्या म्यानात ओल साचून पाते गंजते, म्हणून पाते आणि म्यान वेगळे ठेवतात. खंडेनवमीला लावलेले ओले हळदकुंकू पूजेनंतर कोरड्या कापडाने टिपून पात्यावर तेलाचा पातळ हात फिरवावा.

पुरावस्तू व बहुमूल्य कलावस्तू अधिनियम, १९७२ नुसार किमान शंभर वर्षे जुनी शस्त्रे पुरावस्तू ठरतात. त्यांच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत.

फिरंग हाती आली की साफसफाई करण्याआधी तिची दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत आणि ती कोणाच्या घरातून, कधी, कशी आली हे वहीत नोंदवावे. सुवर्णलेख सगळ्यांच्याच नशिबी नसतो. उरलेल्या तलवारींची ओळख त्या वहीवरच टिकते.