ट्रॅक्टरचं ऑइल घेताना

गटाने कर्जावर घेतलेल्या ट्रॅक्टरचं इंजिन बसलं, की भाडं थांबतं, हप्ता मात्र थांबत नाही. म्हणून ऑइलचा डबा वाचायला शिकू या.

१५डब्ल्यू-४० मध्ये डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. १५ हा थंडीतला दाटपणा. हा आकडा लहान, तितकं गार इंजिनात ऑइल लवकर पोचतं. ४० हा तापलेल्या इंजिनातला दाटपणा. मंद्रूपच्या उन्हात नांगरताना तोच इंजिन सांभाळतो.

मग एपीआयची अक्षरं बघा. सीएफ-४, सीआय-४ यातला 'सी' डिझेलचा, 'एस' पेट्रोलचा. आपल्याला 'सी' हवाच. मोटारसायकलचं उरलेलं ऑइल यात ओतू नका.

कोणता ग्रेड, किती तासांनी बदलायचा, हे ट्रॅक्टरच्या पुस्तकात असतं. ते पुस्तक गटाच्या दप्तरात ठेवा आणि दुकानात सोबत न्या.