३८१६५४७२९ ची गंमत

३८१६५४७२९ ही संख्या पाहा. तिच्यात १ ते ९ अंक एकेकदाच आले आहेत. पहिल्या दोन अंकांच्या ३८ ला २ ने भाग जातो, ३८१ ला ३ ने, ३८१६ ला ४ ने, असे करत पूर्ण संख्येला ९ ने. हा गुण असलेली ही एकमेव संख्या!

हे अंक ३,६२,८८० प्रकारे मांडता येतात. सगळे तपासायचे का? नाही. शून्य नाही, म्हणून पाचव्या जागी ५ च. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या जागी सम अंक, बाकी विषम. तिसरा अंक विषम, म्हणून ४ च्या कसोटीने चौथा २ किंवा ६. पहिल्या तीन आणि पहिल्या सहा अंकांना ३ ने भाग जातो, म्हणून चौथ्या ते सहाव्या अंकांच्या बेरजेलाही जायला हवा. तेव्हा मधले अंक २५८ किंवा ६५४. मग ३ आणि ८ च्या कसोटीने फक्त १० संख्या उरतात. त्यांपैकी एकाच संख्येच्या पहिल्या सात अंकांना ७ ने भाग जातो.

भागाकार दहाच, बाकी सारा विचार! विभाज्यतेच्या कसोट्या नुसत्या पाठ करायच्या नसतात. त्या दहा संख्या वहीत शोधा आणि गणिताच्या शिक्षकांना दाखवा.