वर बघून चाला

जानेवारी सरत आला की सह्याद्रीत जाळरेषांच्या कामाला वेग येतो. 15 फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम धरतात. त्याच्या आत धारेवरचं, रस्त्याकडेचं गवत आणि झुडपं कापून, जाळून मोकळा पट्टा तयार ठेवायचा असतो. आग्या मोहोळांचा मुक्कामही याच दिवसांत असतो. फुलोऱ्याच्या मागावर आलेल्या माश्या काटेसावर, बेहडा, अर्जुन यांच्या उंच फांद्यांना आणि कड्यांच्या कपारींना पोळी धरतात. खाली माणसांनी लावलेला धूर आणि वर मोहोळ, अशी गाठ वनमजुराची दरवर्षी पडते.

वनस्पतींच्या सर्वेक्षणाच्या निमित्ताने मी नव्वदच्या दशकापासून जुन्नर-आंबेगावच्या रानात हिंडतो आहे. या काळात आमच्या पाठीवरची पिशवी पार बदलली. कागदी नकाशे गेले, जीपीएस आलं, मोबाइल आला. मधमाशीच्या डंखाबद्दल शास्त्राला कळलेलं तर कुठल्या कुठे गेलं. पण ज्याच्या डोक्यावर मोहोळ लटकतं त्याच्यापर्यंत यातलं किती पोचलं, हा प्रश्न मला अलीकडे सोडत नाही.

जुन्या हकिकतींमधली एक प्रसिद्ध हकिकत जबलपूरजवळच्या भेडाघाटची आहे. एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या मोजणीसाठी आलेल्या इंग्रज अभियंत्यांवर तिथल्या संगमरवरी कड्यांवरच्या माश्या तुटून पडल्या. एकाने जीव वाचवायला नर्मदेत उडी घेतली आणि तो बुडाला. कॅप्टन जेम्स फॉरसिथच्या मध्य भारतावरच्या 1871 सालच्या पुस्तकात या कड्यांवरच्या माश्यांचं वर्णन आहे. पुढे 1895 साली ‘द सेकंड जंगल बुक’मध्ये किपलिंगने वैनगंगेच्या घळीत रानकुत्र्यांची टोळी माश्यांच्या तावडीत दिली. त्या गोष्टीत मोगली नदीत उडी मारून वाचतो. कथेतली ही सुटका लाखो मुलांनी वाचली, भेडाघाटचं मरण फारसं कुणी वाचलं नाही. खरं तर पाण्याचा आसरा घातकच. माश्या पाण्यावर घिरट्या घालत थांबतात आणि श्वासासाठी डोकं वर काढलं की थेट तोंडावर बसतात. धरणाच्या किंवा तळ्याच्या काठी काम करणाऱ्या टोळीला ही गोष्ट सगळ्यात आधी सांगायला हवी, कारण घाबरलेल्या माणसाचे पाय पाण्याकडेच वळतात.

नव्वदच्या दशकात आमच्याजवळ डंखावर म्हणून काहीच नसायचं. होते ते वाटाडे मामा. त्यांचे नियम ठरलेले होते. मोहोळाखाली थांबायचं नाही, बिडी पेटवायची नाही, डोक्याला वासाचं तेल लावून यायचं नाही. ‘‘उठलंच तर सरळ पळायचं. हात झटकायचे नाहीत. कारवीत घुसायचं, त्वांड झाकायचं.’’ मला तेव्हा हा अनुभवी माणसाचा अंदाज वाटायचा. पुढे वाचत गेलो तसं यातलं जवळजवळ सगळं जसंच्या तसं शास्त्रात सापडलं. माश्या हालचालीकडे, गडद रंगाकडे आणि श्वासातून बाहेर पडणाऱ्या वायूकडे ओढल्या जातात, म्हणून त्यांचा पहिला रोख चेहरा आणि केस. दाट झुडपात त्यांना पाठलाग करणं अवघड जातं. मामांच्या खांद्यावरची काळी घोंगडी रंगाने चुकीची होती, पण जाडीने अगदी बरोबर. ती डोक्यावरून ओढून घेतलेला माणूस नुसत्या सदऱ्यातल्या माणसापेक्षा कितीतरी कमी डंख घेऊन बाहेर पडतो, हे मी पाहिलं आहे.

मामांची उपचारांची बाजू मात्र लंगडी होती. डंखावर लोखंड घासणं, चुना लावणं, कांदा चोळणं हे सगळं आम्ही केलं. थोडं बरं वाटायचं, कारण एका डंखाचं दुखणं बहुतेकांच्या बाबतीत आपलं आपण उतरतंच. हे उपाय करण्यात काटा काढायला उशीर व्हायचा, आणि तिथेच खरं नुकसान होतं.

तो काटा एकदा भिंगाखाली नीट बघावा. मधमाशीच्या नांगीला मागे वळलेले दाते असतात. कातडीत रुतलेली नांगी तिला परत ओढून घेता येत नाही. माशी उडते तेव्हा नांगी, विषाची पिशवी आणि तिला हलवणारे स्नायू असे सगळेच तिच्या पोटातून तुटून आपल्या कातडीवर राहतात. माशी गेली तरी ती इवलीशी पिशवी धडधडत असते आणि विष आत ढकलत राहते. काटा चिमटीत धरून उपटू नये, पिशवी दाबली जाऊन विष आत जातं, कडेने खरवडूनच काढावा, असं प्रथमोपचाराच्या पुस्तकांत वर्षानुवर्षं छापलेलं होतं. 1996 साली ‘लॅन्सेट’मध्ये व्हिशर, व्हेटर आणि कॅमेझिन यांचा अभ्यास आला. काटा कसा काढला याने काही फरक पडत नाही, किती लवकर काढला यानेच पडतो, असं त्यात दिसलं. सेकंदांचा हिशेब आहे. सुरी, कार्ड, चिमटा शोधत बसण्यापेक्षा नखाने ताबडतोब ओढून टाकणं चांगलं. ही ओळ वाचायला आम्हाला बराच उशीर झाला. अजूनही जुना सल्ला देणारे फलक मला दिसतात.

काटा निघाला तरी त्याचा वास मागे राहतो. 1962 साली शास्त्रज्ञांनी डंखातून सुटणारं धोक्याचं रसायन ओळखलं, आयसोअमिल ॲसिटेट. त्याला पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो. एका माशीने डंख मारला की त्या जागेवर ही खूण लागते आणि बाकीच्या माश्या तिथेच येतात. म्हणून एक डंख बसला की थांबून तो बघत बसायचं नाही. आधी त्या जागेपासून लांब जायचं आणि चालता चालता काटा काढायचा. आग्या माश्या शेकडो मीटरपर्यंत पाठलाग करतात, तेव्हा ‘लांब’ म्हणजे पुढच्या झाडापर्यंत नव्हे.

या माश्या चिडक्या आहेत, असं त्यांच्याबद्दल सरसकट बोललं जातं. मला ते पटत नाही. नाणेघाटाच्या बाजूच्या एका कड्यासमोर दुर्बीण लावून मी कितीदा तरी बसलो आहे. आग्या मोहोळ म्हणजे उघड्यावर लटकणारं एकच मोठं पोळं, कधी कधी मीटरभराहून रुंद. त्याच्या दोन्ही बाजूंना माश्यांचा जिवंत पडदा असतो. सातेरी मधमाशीसारखा ढोलीचा आडोसा त्यांना नाही, पिल्लं आणि मध यांचं रक्षण करायला फक्त त्यांची अंगं आहेत. मोठी गांधीलमाशी जवळ आली की पडद्यातल्या माश्या क्षणभर पोट वर उचलतात, शेजारच्या उचलतात, त्यांच्या शेजारच्या उचलतात, आणि पोळ्यावरून एक चकाकती लाट सर्रकन निघून जाते. ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठाच्या गेराल्ड कास्टबर्गर यांनी नेपाळमध्ये या लाटांचं चित्रीकरण केलं. अशी लाट उठली की गांधीलमाशी मागे हटते, असं त्यांनी 2008 मध्ये दाखवलं. म्हणजे डंखाच्या आधी एक इशारा आहे. खाली कोयता चालवणाऱ्याला तो दिसत नाही, इतकंच. आणि पुष्कळदा चूक खालच्याची नसतेच. मधुबाज पोळ्यावर झडप घालून तुकडा घेऊन जातो, माश्या भडकतात आणि खाली जे कोणी असेल त्याला त्याची किंमत मोजावी लागते.

गांधीलमाशीबद्दल थोडक्यात सांगतो. पावसाळ्यानंतर तिची घरटी मोठी झालेली असतात आणि झुडपात, पानांआड, हाताच्या उंचीवर असतात. तिच्या नांगीला मधमाशीसारखे अडकणारे दाते नाहीत, त्यामुळे एकच माशी पुन्हा पुन्हा डंख मारते. झुडूप कापण्याआधी लांब काठीने हलवून बघणं, एवढीच यावरची खबरदारी. ती साधी आहे, पण घाईत नेमकी राहून जाते.

या सगळ्या वर्षांत सर्वात मोठा बदल झाला तो मध काढण्याच्या पद्धतीत. पूर्वी अमावस्येच्या आसपास पलिते घेऊन लोक झाडावर चढत. रात्र अंधारी निवडण्यामागे कारण होतं. आग्या माश्या चांदण्यात उडू शकतात. पलिता पोळ्यावर आपटला की ठिणग्या खाली पडत, माश्या त्या ठिणग्यांच्या मागे जात आणि वर पोळं रिकामं होई. मग ते सगळंच कापायचं, अंड्या-पिल्लांसकट. पंख जळालेल्या माश्या सकाळी झाडाखाली सरपटत असायच्या आणि त्या वाटेने जाणाऱ्याला त्यांचे डंख बसायचे. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने आपल्या अभ्यासगटात या पद्धतीची चर्चा केली आणि माश्या न मारता मध काढण्याचा मार्ग धरला. अंगभर पोशाख, जाळी, दोर, आणि पोळ्याचा फक्त मधाचा भाग कापायचा. हा भाग फांदीला लागून वरच्या एका कोपऱ्यात असतो, जाड आणि जड. खालची पिल्लं तशीच राहतात, माश्या जागा सोडत नाहीत आणि पुढे पुन्हा मध भरतात. मधपाळांना शिकवणारी पुण्याची केंद्रीय संस्था 1962 पासून आहे, महाबळेश्वरला मध संचालनालय आहे, आणि 2022 मध्ये मांघर हे ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. हा वारसा मोठा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. पण त्यातला पोशाख आणि प्रशिक्षण मध काढणाऱ्यासाठी असतं. जाळरेषा कापणारी, हिरडा वेचणारी, तेंदूपत्ता तोडणारी बाई त्याच झाडाखालून साडीत आणि उघड्या हातांनी जाते.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत रानात आणखी एक गर्दी वाढली. शिवनेरीवर, अजिंठ्याला पर्यटकांवर माश्या उठल्याच्या बातम्या येत राहतात. 2016 आणि 2024 मध्ये कारवी फुलली तेव्हा डोंगरांवर माश्यांना मेजवानी होती आणि माणसांचीही झुंबड. अत्तरं, धूर, दगड, आरडाओरडा, आता ड्रोन. पर्यटकावर हल्ला झाला की बातमी होते, मजुरावर झाला की टोळीतच राहते.

आता औषधाकडे येतो, कारण माझी खरी तळमळ इथे आहे. डंखाने माणूस दोन तऱ्हांनी दगावतो. शेकडो डंख बसले तर विषानेच स्नायू आणि रक्तपेशी फुटतात, लघवी काळपट होते, मूत्रपिंडं थकतात. हे काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी दिसतं, म्हणून खूप डंख बसलेला माणूस चालता-बोलता असला तरी त्याला घरी पाठवू नये. दुसरी तऱ्हा ॲलर्जीची. तिथे एक डंखही पुरतो. अंगावर गांधी उठतात, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो, आणि हे सगळं काही मिनिटांत. शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिये यांनी ही प्रतिक्रिया 1902 मध्ये मांडली, रिशेंना 1913 चं नोबेल मिळालं. 1978 मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी दाखवलं की शुद्ध विषाच्या वाढत्या मात्रा टोचून अशा माणसाला पुढच्या डंखापासून वाचवता येतं. त्याआधी वापरला जाणारा अख्ख्या माशीचा अर्क निरुपयोगी ठरला. हा उपचार आपल्या डोंगरातल्या माणसाच्या आवाक्यात अजून नाही.

ॲड्रिनलिन मात्र आवाक्यात आहे. एक मिलिग्रॅमची छोटी काचेची कुपी, मोठ्या माणसाला त्यातलं अर्धा मिली, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. औषध शंभर वर्षांहून जुनं आहे, महाग नाही, आणि श्वास अडकलेल्या माणसाला ते पहिल्या काही मिनिटांत मिळालं तरच उपयोग. गोळी किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन त्याची जागा घेऊ शकत नाही. तरीही आधी तेच देऊन वाट बघितली जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. परदेशात खिशात बाळगायची तयार सुई मिळते, आपल्याकडे ती सहज मिळत नाही. तेव्हा कामाच्या जागी कुपी, सिरिंज आणि ती टोचायला शिकलेलं माणूस असायला हवं, आणि हे काम काढणाऱ्याने बघायला हवं. टोळीत कुणाला आधी डंखाने चक्कर आली होती, अंग सुजलं होतं, हे पहिल्याच दिवशी विचारायला तर एक पैसाही लागत नाही.

आमच्या भागातला एक मुकादम गेली काही वर्षं काम सुरू होण्याआधी जुन्या माणसांना घेऊन अख्खी धार फिरतो. माश्या वर्षानुवर्षं त्याच झाडांवर परत येतात, त्यामुळे मोहोळाची झाडं म्हाताऱ्यांना पाठ असतात. त्या झाडांना तो लांबून दिसेल असा चुन्याचा पट्टा ओढतो. त्या टप्प्यात कापणी उजाडायच्या आत, कोयत्याने, जाळ न लावता होते. कापलेलं गवत बायका ओढत त्या टप्प्याच्या बाहेर नेतात आणि तिथे जाळतात. यात काम लांबतं. ही वाढीव मजुरी हिशेबात धरावी म्हणून तो दर हंगामात भांडतो, आणि ती अजून धरली गेलेली नाही.